अक्षतेचा दाणा आणि एक तैलचित्र

वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या संग्रहात १८८७ सालचे एक तैलचित्र आहे. चित्रकार एडवर्ड ह्यूज. चित्रातील तरुणी ज्युलिएट गॉर्डन लो. उंची पोशाख, शांत मुद्रा, श्रीमंत घरच्या नववधूला साजेसा डौल. पुढे अमेरिकेत ‘गर्ल स्काउट्स’ ही मुलींची संघटना स्थापन करणारी ती हीच, हे चित्रावरून कोणासही उमजणार नाही.

तिचे माहेर आणि सासर दोन्ही कापसाच्या व्यापारातील. सव्हाना हे त्यांचे बंदर. १८६१ साली यादवी युद्ध पेटून तिकडचा कापूस अडला, तेव्हा आपल्या मुंबईच्या बाजारात सोन्याचा धूर निघाला. शेठ प्रेमचंद रायचंद यांचे नाव त्याच काळाशी निगडित आहे. ज्युलिएट त्या वेळी पाळण्यात होती.

२१ डिसेंबर १८८६ रोजी विल्यम लो यांच्याशी तिचा विवाह झाला. आपण अक्षता टाकतो, तसे तिकडे नवदांपत्यावर तांदूळ उधळतात. त्यातील एक दाणा तिच्या कानात अडकला. तो काढताना पडदा फाटला, जखम चिघळली आणि कान कायमचा गेला. दुसरा कान आधीच औषधोपचाराच्या घोटाळ्यात अधू झालेला. म्हणजे ह्यूज यांनी रंगविली ती जवळजवळ बहिरी झालेली वधू! रंगांत ते कोठून दिसावे?

संसारही सुखाचा झाला नाही. पदरी मूल नव्हते. १९०५ मध्ये पती वारले, तेव्हा मृत्युपत्रात संपत्तीचा मोठा वाटा दुसऱ्याच स्त्रीच्या नावे निघाला. तिने झगडून आपला हिस्सा मिळविला. १९११ मध्ये इंग्लंडात बालवीर चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांची भेट झाली आणि १२ मार्च १९१२ रोजी सव्हाना येथे १८ मुलींना घेऊन तिने कार्य आरंभिले.

खर्च भागेना, तेव्हा तिने आपली मोत्यांची माळ विकली. देणगी मागताना समोरचा नकार देऊ लागला की तिला तो ऐकूच येत नसे, असे सांगतात. त्यात बहिरेपण किती आणि सोंग किती, हे उधारी वसूल करणाऱ्या आमच्या वाचकांनीच ठरवावे.

१९२७ मध्ये तिचे निधन झाले. तिला दफन केले, तेव्हा तिच्या अंगावर संघटनेचा गणवेश होता.