टर्बो मोटारीचें ‘मिसिंग’ : कारण व परीक्षा

मोटार ही आज शेतकऱ्याच्या घरीं चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. बियाणें आणणें, मोंढ्यावर भाव पाहून येणें, रात्रीं-अपरात्रीं आजाऱ्यास नांदेड अगर लातूर येथें पोंचविणें, हीं सारीं कामें तिच्यावरच येऊन पडतात. सन २०१३ सालीं फोक्सवॅगन पोलो जीटी व फोर्ड इकोस्पोर्ट, आणि २०१४ सालीं टाटा झेस्ट, अशा टर्बो जोडलेल्या पेट्रोल मोटारी आपल्या देशांत विक्रीस आल्या. त्यांपैकीं आरंभींच्या मोटारी आतां दहा वर्षांहून जुन्या झाल्या असून दुसऱ्या-तिसऱ्या हातानें खेड्यापाड्यांत येऊं लागल्या आहेत. किंमत परवडते म्हणून त्या घेतल्या जातात. परंतु मोटार ‘मिसिंग’ करूं लागली कीं मालक घाबरतो, आणि कित्येकदां ‘टर्बो गेला’ असा निकाल ऐकून परत येतो. टर्बो बदलण्याचा खर्च मोठा, प्लगाचा त्या मानानें अल्प. दोष या दोहोंपैकीं कोठें आहे, हें बहुधा एका दुपारीं घरच्या घरीं ठरवितां येतें. तें कसें, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

लोहा तालुक्यांतील एका बागाईतदाराची मोटार नांदेडहून लातुरास जातांना, लोहा सोडून अहमदपूरच्या बाजूस चढ लागला कीं गचके खाई. परतीच्या वाटेवर मात्र ती निर्धोक चाले. दोन महिन्यांत पेट्रोलचा फिल्टर बदलला, बॅटरी नवी घातली, तरी गुण येईना. शेवटीं टर्बो बदलावा असा सल्ला मिळाला, आणि सोयाबीनचे पैसे हातीं येतांच तें काम करावयाचें ठरलें. सुदैवानें तत्पूर्वीं कोणीतरी प्लग काढून पाहिले. त्यांची फट झिजून एक मिलिमीटरहून अधिक झाली होती, व एका कॉइलच्या खालच्या रबरास बारीक चीर गेलेली होती. प्लगांचा जोड व एक कॉइल एवढ्यावर काम भागलें. टर्बो आजही तोच आहे.

दोष एकाच दिशेस कां दिसे?

लातूर शहर नांदेडापेक्षां सुमारें अडीचशें मीटर उंचावर आहे. जातांना इंजिनावर भार अधिक, येतांना कमी. भार पडला कीं टर्बो जोरानें फिरूं लागतो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्यानें १९०५ सालीं ज्या कल्पनेचें पेटंट घेतलें, तीच ही युक्ति : इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूनें एक चक्र फिरवावें, व त्याच आंसावरील दुसऱ्या चक्रानें हवा दाबून सिलिंडरांत भरावी. हवा अधिक, म्हणून पेट्रोल अधिक, म्हणून शक्ति अधिक.

परंतु दाट हवेंतून ठिणगी उडणें कठीण असतें. हवेचा दाब व फटीचें अंतर यांचा गुणाकार जसजसा वाढेल, तसतसा ठिणगीस लागणारा विजेचा दाब वाढतो, हा नियम जर्मन शास्त्रज्ञ पाशेन यानें १८८९ सालीं मांडला. विरळ पिकांतून माणूस सहज चालत जातो. दाट उसांतून वाट काढावयास जोर लागतो. ठिणगीचेंही तसेंच आहे. कॉइलनें वीस-तीस हजार व्होल्टचा दाब निर्माण केला, तरी प्लगाची फट रुंदावलेली असली तर वीज सोपी वाट शोधते व रबराच्या चिरेंतून बाजूच्या लोखंडांत उतरते. त्या फेऱ्यास सिलिंडरांतील मिश्रण जळतच नाहीं. हेंच मिसिंग. सपाटीवर जी फट चालून जाते, ती चढावर दगा देते. म्हणून टर्बो इंजिनास साध्या इंजिनापेक्षां बहुधा कमी फट, सुमारें ०.७ ते ०.८ मिलिमीटर, ठेवितात; नेमका आंकडा मोटारीच्या पुस्तिकेंतून घ्यावा.

परीक्षेचा क्रम

प्रथम दोष केव्हां दिसतो तें चार-आठ दिवस टिपून ठेवावें. केवळ भाराखालीं दिसला तर प्लग व कॉइल यांचा संशय धरावा. पावसांत अगर मोटार धुतल्यावर दिसला तर रबर, तारा व जोड पाहावे. इंजिन तापल्यावर दिसून थंड होतांच नाहींसा झाला, तर कॉइल अगर इंजिनाचा वेग कळविणारा सेन्सर पाहावा. सदासर्वकाळ एकच सिलिंडर मंद असेल, तर ठिणगीखेरीज इंजेक्टर व कॉम्प्रेशन यांचीही चौकशी करावी लागते.

नंतर स्कॅनर लावावा. ‘पी ०३००’ हा संकेत अनेक सिलिंडरांतील मिसिंग दाखवितो. ‘पी ०३०१’ म्हणजे पहिला सिलिंडर, ‘पी ०३०२’ म्हणजे दुसरा, असा क्रम आहे. संकेत सिलिंडर सांगतो, कारण सांगत नाहीं. समजा, दुसरा सिलिंडर दोषी निघाला. इंजिन बंद व थंड असतां त्यावरील कॉइल तिसऱ्यावर, व तिसऱ्यावरील दुसऱ्यावर घालावी, जुना संकेत पुसावा, आणि मोटार त्याच चढावर न्यावी. संकेत ‘पी ०३०३’ झाला तर दोष कॉइलबरोबर गेला, हें उघड आहे. तो दुसऱ्यावरच राहिला तर प्लगांची अशीच अदलाबदल करावी. त्यानेंही तो न हलल्यास मग इंजेक्टर, व शेवटीं कॉम्प्रेशन. एका वेळीं एकच वस्तु बदलावी. दोन बदलल्यास गुण कशाचा हें कळत नाहीं. कांहीं मोटारींत प्रत्येक प्लगावर वेगळी कॉइल नसून एकाच कॉइलपासून तारा जातात. तेथें तारांची परीक्षा करावी.

काढलेला प्लग हा बोलका साक्षीदार असतो. फिकट तपकिरी रंग आरोग्याचा. कोरडी काळी काजळी पेट्रोलचें प्रमाण अधिक झाल्याचें, अगर ठिणगी दुबळी असल्याचें लक्षण. तेलकट ओलेपणा असल्यास तेल आंत येत आहे. पांढरें, फोड आलेलें टोक अति उष्णतेचें दर्शक असून त्याकडे दुर्लक्ष करणें घातक आहे. प्लगाच्या विहिरींत तेल सांचलें असेल तर टॅपेट कव्हरचें पॅकिंग आधीं बदलावें. नाहीं तर नव्या कॉइलचें रबरही त्या तेलानें फुगून निकामी होईल. इरिडियम टोकाच्या प्लगाची फट ठोकून बदलूं नये.

ठिणगीसारखे भासणारे इतर दोष

टर्बोपासून इंजिनाकडे जाणारी नळी फाटली अगर तिची क्लिप ढिली झाली, तर मापलेली हवा वाटेंतच निसटते, पेट्रोल वरचढ होतें, आणि मोटार काळा धूर टाकून गचके खाते. अशा ठिकाणीं बहुधा तेलकट डाग पडून त्यावर धूळ चिकटलेली दिसते. बॅटरी उभ्या मोटारींत सुमारें १२.६ व्होल्ट, व इंजिन चालूं असतां बहुधा १३.५ ते १४.५ व्होल्ट दाखवावी. अर्थची पट्टी गंजली तरी ठिणगी दुबळी होते. धान्याच्या गोदामाशेजारीं मोटार उभी राहात असल्यास उंदरांनीं कुरतडलेल्या तारा अवश्य पाहाव्या. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषून घेतें. यास्तव पावसाळ्यांत टाकी अर्धी ठेवून मोटार महिनोन् महिने उभी ठेवूं नये.

डिझेल टर्बो वाहनास हा विचार लागू नाहीं. विहिरीवरील डिझेल इंजिनाप्रमाणेंच त्यांत ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेंच इंधन पेटतें. तेथें ग्लो प्लग, इंधनांत शिरलेली हवा, फिल्टर व कॉम्प्रेशन या क्रमानें पाहावें.

दोन इशारे

इंजिन चालूं असतां कॉइल अगर तार हातानें उपटूं नये. अंगाला जबर झटका बसतो, आणि जवळ पेट्रोलची वाफ असल्यास आग लागते. दुसरें असें कीं, इंजिनाचा दिवा लुकलुकूं लागला तर ताबडतोब भार कमी करावा. न जळलेलें पेट्रोल धुराड्यांतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्यें जाऊन पेटतें व तो वितळतो. मग प्लगाच्या किंमतीची हयगय कन्व्हर्टरच्या किंमतीस पडते.

पिकावर रोग पडला तर शहाणा शेतकरी आधीं पान उलटून पाहतो, मग औषध आणतो. मोटारीलाही तोच न्याय लावावा. प्लग पाहिल्यावांचून व कॉइलची अदलाबदल केल्यावांचून टर्बोस दोष देऊं नये, आणि हंगामाचा पैसा अंदाजावर घालवूं नये.