बंदूक नेहमी भरलेलीच समजावी

घोडबंदर रोडवरील बँकांच्या दाराशी बंदूकधारी पहारेकरी दिसतात. चाप ओढल्याखेरीज गोळी सुटत नाही, ही समजूत घातक आहे. काही जुन्या बनावटीची शस्त्रे नुसती खाली पडली तरी गोळी सुटू शकते. १ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायास त्यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. म्हणून प्रत्येक शस्त्र भरलेलेच मानावे. नळीचे तोंड कोणाकडेही वळवू नये. बोट चापापासून दूर ठेवावे. पाळी बदलताना काडतुसे काढून, नळी उघडून दाखवूनच बंदूक दुसऱ्याच्या हाती द्यावी. घरी शस्त्र व काडतुसे वेगवेगळ्या कुलुपांत असावीत. शस्त्र अधिनियमातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार समारंभात बेपर्वाईने गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. परवान्याने शस्त्र बाळगता येते. सुटलेली गोळी मात्र परत घेता येत नाही.