टाकीतला उभयचर म्हणजे मासा नव्हे

मासे पाळता पाळता घरी मेक्सिकोचा ॲक्सोलोटल किंवा आफ्रिकेचा नख्यांचा बेडूक येतो, आणि मासे पाळणाऱ्यांचे इलाजही आपसूक त्याच्या माथी मारले जातात. गोची तिथेच होते. माशाच्या अंगावर खवले असतात; उभयचराची कातडी उघडी, पातळ. तिच्यातून तो पाणी घेतो, क्षार घेतो, थोडाफार श्वासही घेतो. टाकीत ओतलेले औषध त्यामुळे थेट अंगात जाते.

गैरसमज: डोक्यामागचे लाल झुपके म्हणजे जंत.
ते कल्ले आहेत. ॲक्सोलोटल आयुष्यभर बाल्यावस्थेतल्या रूपातच राहतो, म्हणून ते बाहेर दिसतात. त्यांवर कापसासारखे पांढरे काही चिकटले, तर ती बहुधा बुरशी असते.

गैरसमज: पांढऱ्या ठिपक्यांवर हीटर लावा, माशांचे औषध घाला.
बरेच मासे 30 अंश सोसतात; पाणी 24च्या वर गेले की ॲक्सोलोटल आजारी पडू लागतो. आधीच इथे लोणावळ्यात मे महिन्याच्या दुपारी पारा पस्तिशीला टेकतो. ‘थंड हवेचे ठिकाण’ ही पाटी टाकीला लागू होत नाही. मॅलाकाइट ग्रीन, फॉर्मालिन आणि तांब्याची औषधे तर मनाने घालूच नका. कडुनिंबाचा पालाही नको. तो कीड मारतो, हेच त्याच्या विरोधात जाते.

गैरसमज: जळूवर मीठ किंवा तंबाखू टाकली की काम झाले.
ट्रेकला पायावर हा उपाय करतात. इथे मीठ नाजूक कातडी भाजते आणि तंबाखूतले निकोटिन कातडीतून आत जाऊन विष ठरते. पशुवैद्य कधी कधी मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवायला सांगतात. पण त्यात प्रमाण आणि मिनिटे ठरलेली असतात, चिमटीने भुरभुरणे नाही.

गैरसमज: अँकर वर्म चिमट्याने उपटला की संपला.
नावात वर्म असला तरी तो कोळंबी-खेकड्यांच्या गोतावळ्यातला. मादी नांगरासारखे डोके मांसात रुतवते. ओढताना ते तुटून आत राहिले तर जखम चिघळते. शेपटाकडच्या दोन पिशव्यांत अंडी असतात आणि पिल्ले पाण्यात पोहत असतात. म्हणजे दिसतो तो एक, उरलेले टाकीत. प्राणी वेगळ्या, रिकाम्या टबात ठेवायचा, क्लोरीन काढलेले गार पाणी रोज बदलायचे, आणि हे काही आठवडे चालवायचे. कंटाळवाणे आहे खरे, पण बाटलीतल्या औषधापेक्षा माझा भरवसा यावरच. कोणता परजीवी आहे, हे पशुवैद्य कातडीचा अलगद खरवडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगतो. फोटोवरून ते कळत नाही.

गैरसमज: मावळातल्या ओढ्याचे पाणी शुद्ध, टाकीला उत्तम.
त्याच पाण्यातून जळवा, अँकर वर्मची पिल्ले येतात. पोरांनी पावसाळ्यात पकडून आणलेले बेडूकमासे टाकीत सोडले, तरी तेच.

उलटा धोका, म्हणजे टाकीतून ओढ्यात जाणारा, याहून मोठा, आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. कातडीत वाढणारी कायट्रिड बुरशी डोळ्यांना दिसत नाही; जगभरात तिने बेडकांच्या कित्येक जाती संपवल्या. उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांतही ती सापडल्याचे पुण्याच्या संशोधकांनी 2013 मध्ये नोंदवले. पाळीव उभयचर तिचे परके वाण आणू शकतात. आणि इथे जपण्यासारखे बेडूक आहेत: निक्टीबॅट्रॅकस हुमायुनी हा सह्याद्रीबाहेर कुठेच न आढळणारा बेडूक 1955 मध्ये शास्त्राला माहीत झाला तो खंडाळ्याहूनच. म्हणून टाकीचे पाणी ओढ्यात, गटारात किंवा बागेत नको; ब्लीच मिसळून ठेवा आणि मग संडासात ओता. जाळी, टब धुऊन उन्हात खडखडीत वाळवा. प्राणी नकोसा झाला, तरी पवनेच्या काठी नेऊन सोडू नका.