काचेच्या पोटातला रंग

आपल्याकडे गाडीची पुढची काच म्हणजे अर्धे देवघरच. वर कुलदैवताचे नाव, खाली लिंबू-मिरची, कोपऱ्यात मुलांची नावे. या हौशी सजावटीच्या आड आणखी एक सजावट कारखान्यातूनच आलेली असते आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. काचेच्या कडेने फिरणारी काळी पट्टी आणि तिच्या आतल्या बाजूला लहान लहान होत विरून जाणारे काळे ठिपके! आज आपली मोटार उभी असेल तिथे जाऊन जरूर पाहा.

ही पट्टी शोभेसाठी आहे, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ती फार कामाची आहे. हल्लीच्या मोटारींत पुढची काच एका चिवट गोंदाने गाडीच्या सांगाड्याला चिकटवलेली असते. उन्हातले अतिनील किरण या गोंदाचा नाश करतात. काळी पट्टी त्याच्यावर सावली धरते. ठिपक्यांचे कारण आणखी मजेदार आहे. काचेला बाक देण्यासाठी ती भट्टीत तापवतात, तेव्हा काळा भाग लवकर तापतो. काळे आणि पारदर्शक यांची सीमा एकदम तुटक असली तर तिथे काचेतून दिसणारे दृश्य वेडेवाकडे होते. ठिपक्यांमुळे हा बदल हळूहळू होतो.

पट्टीचा काळा रंग नखाने किंवा नाण्याने निघत नाही, कारण तो नेहमीचा रंग नव्हेच. लवकर वितळणाऱ्या काचेची बारीक पूड आणि धातूंच्या ऑक्साइडांचे रंगद्रव्य यांचे हे मिश्रण जाळीच्या छपाईने काचेवर उमटवतात आणि सहाशे अंशांच्या आसपास भाजतात. मग तो काचेचाच भाग होतो. युक्ती जुनीच आहे. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये रंगीत काचांवरच्या आकृत्यांचे नाक-डोळे, वस्त्रांच्या चुण्या याच रीतीने रेखलेल्या आहेत. फरक इतकाच, की त्या काचेवर प्रकाश आत सोडण्याची जबाबदारी होती, माणसाचा जीव वाचवण्याची नव्हती.

ही दुसरी जबाबदारी काचेवर आली ती विसाव्या शतकात. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या हातून १९०३ च्या सुमारास एक चंबू खाली पडला, तडकला, पण त्याच्या ठिकऱ्या उडाल्या नाहीत, असे सांगतात. आतल्या सेल्युलोज नायट्रेटचा सुकलेला पापुद्रा त्या तुकड्यांना धरून राहिला होता. त्यावरून दोन काचांमध्ये सेल्युलॉइडचा पत्रा घालण्याची कल्पना निघाली आणि १९०९ मध्ये तिचे पेटंट झाले. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांत अशी काच वापरली गेली. मात्र सेल्युलॉइड उन्हाने पिवळे पडे. तिसाव्या दशकाच्या अखेरीस पॉलिव्हिनिल ब्युटिरल, म्हणजे पीव्हीबी, आले आणि तेच आजही मोटारीच्या पुढच्या काचेच्या पोटात असते. जाडी जेमतेम पाऊण मिलिमीटर. काचेच्या वरच्या कडेला दिसणारी निळसर वा हिरवट पट्टी या प्लास्टिकच्याच अंगात मुरलेली असते. आपल्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीही पुढच्या काचेसाठी हाच प्रकार बंधनकारक केला.

अशी काच फुटली की तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात, पण ती जागा सोडत नाही. सगळी मदार काच आणि प्लास्टिक एकमेकांना किती घट्ट धरतात यावर. ही पकड कमी असेल तर सुटे तुकडे अंगावर येतात. हे सहज पटते. पण पकड फाजील असली तरी धोकाच! मग प्लास्टिकला काचेपासून किंचित सुटून ताणायला वाव मिळत नाही आणि डोके किंवा दगड त्याला फाडून आरपार जातो. ही पकड तपासण्याची एक परीक्षा आहे. काचेचा नमुना शून्याखाली अठरा अंशांपर्यंत गार करायचा, हातोडीने ठेचून त्याचा भुगा करायचा आणि प्लास्टिकला किती भुगा चिकटून राहिला ते पाहून शून्य ते दहा गुण द्यायचे. प्लास्टिक उघडे पडले तर शून्य. मोटारीच्या काचेला मात्र दहापैकी दहा नको असतात, मधले गुण हवे असतात. पालकांनी थोडे थांबून विचार करावा अशी ही परीक्षा आहे!

आता या दोघांच्या मध्ये चित्र छापायचे झाले तर? घडीची पोळी करताना आपण मध्ये तेलाचे बोट फिरवतो ते पदर सुटावेत म्हणून. काच आणि पीव्हीबी यांच्यामध्ये आलेला शाईचा थर नेमके हेच करतो. जिथे रंग दाट, तिथे पकड सैल. मोठे चित्र असलेल्या काचेची दर्शनी बाजू कितीही सुंदर असली तरी फुटल्यावर तिचे तुकडे रंगाच्या जागी सुटू लागले, तर तिला सुरक्षा काच कशी म्हणायची?

शिवाय रंग कोणता हाही प्रश्न. कापडाला देतात तसा विरघळणारा रंग पीव्हीबीत टिकत नाही. हे प्लास्टिक मऊ राहावे म्हणून त्यात तेलकट द्रव मिसळलेला असतो, त्याच्याबरोबर रंगही पसरतो आणि चित्राच्या कडा फिसकटतात. उन्हाने तो फिकाही होतो. म्हणून न विरघळणारी रंगद्रव्ये घ्यावी लागतात. मोटारींच्या रंगातले थॅलोसायनिन निळे हे त्यांपैकीच. ती इतकी बारीक दळावी लागतात की छपाईयंत्राच्या केसाहून बारीक छिद्रांतून ती न अडकता बाहेर पडावीत. ड्युपाँट कंपनीने २००० नंतरच्या दशकात पीव्हीबीवर अशी छपाई करून सजावटीची काच बाजारात आणली. पकडीच्या अडचणीवर उपाय म्हणजे शाईत चांगला बंधक घालणे आणि छापील बाजूवर सिलेन जातीच्या रसायनाचा हात देणे. या रसायनाच्या रेणूचे एक टोक काचेशी नाते जोडते, दुसरे प्लास्टिकशी. मध्यस्थ असावा तर असा. मग सगळा थर सुमारे १४० अंश उष्णता आणि हवेच्या बारा-तेरा पट दाबाखाली एकजीव करतात.

घर सजवणाऱ्यांसाठी यातला व्यवहाराचा भाग असा. दुकानात 'चित्राची काच' म्हणून जे दाखवतात त्यात कधी मागून रंग दिलेला असतो, कधी नुसती फिल्म चिकटवलेली, कधी पृष्ठभागावर छपाई आणि कधी रंग खरोखरच दोन काचांच्या पोटात असतो. समोरून सगळे सारखेच देखणे! कपाटाच्या दाराला पहिला प्रकार चालून जातो. गॅलरीच्या कठड्याला किंवा जिन्याच्या बाजूला तो कधीही लावू नये. तिथे काच आडवी करून कड पाहावी, दोन काचा आणि मध्ये बारीक रेघ दिसली पाहिजे. रंग कोणत्या बाजूला आहे आणि त्या रंगासह पकडीची चाचणी झाली आहे का, हे खुशाल विचारावे. उत्तरादाखल नुसता रंगांचा कॅटलॉग पुढे आला तर दुसरे दुकान पाहावे.

कोकणात किंवा मुंबईत कड पावसात उघडी राहणार असेल तर तेही आधीच सांगावे. पीव्हीबी ओल शोषते आणि काही वर्षांनी कडेला दुधाळ डाग धरतो. गडद रंगाची काच पश्चिमेच्या उन्हात बसवायची असेल तर साधी काच घेऊ नये. रंग तापतो, चौकटीतली कड थंड राहते आणि एखाद्या दुपारी कोणी हात न लावता तिला तडा जातो. उष्णतेने मजबूत केलेल्या काचेचा खर्च तिथे करावाच.