देव नेईल तिकडे : वाशीमच्या ख्रिस्ती परंपरेतील समर्पण

आपली इच्छा देवाच्या हाती सोपवणे आणि तो दाखवील त्या वाटेने चालणे, हा ख्रिस्ती जीवनाचा गाभा मानला जातो. याचा आदर्श गेथशेमाने बागेतल्या रात्रीचा. मरण समोर दिसत असताना येशूने आधी सुटकेची विनवणी केली आणि मगच पित्याच्या इच्छेला मान दिला. या क्रमाला फार महत्त्व आहे. भीती, दुःख आणि स्वतःची इच्छा देवापुढे बोलून दाखवणे हा अविश्वास ठरत नाही. मन दगडासारखे करणे म्हणजे समर्पण नव्हे.

वाशीम जिल्ह्यात ही शिकवण विशेष ठळकपणे दिसते, कारण येथे रुजलेला चर्च ऑफ द नाझरीन हा पंथ याच विषयावर उभा आहे. अठराव्या शतकातील इंग्लंडचे धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांच्या विचारातून तो आला. तारण झालेल्या माणसाच्या आयुष्यात पुढे आणखी एक टप्पा येतो, असे हा पंथ मानतो. त्या टप्प्यावर माणूस घर, पैसा, मान, भविष्य असे काहीही मागे न ठेवता स्वतःला पूर्णपणे देवाला देतो आणि पवित्र आत्मा त्याचे अंतःकरण शुद्ध करतो. मात्र असे एकदा दिलेले रोजच्या वागण्यात पुन्हा पुन्हा द्यावे लागते. वेस्लींनी 1755 मध्ये लंडनमध्ये देवाशी केलेल्या कराराची खास उपासना सुरू केली, तिच्यामागे हेच भान होते. वेस्लींच्या परंपरेतल्या मेथडिस्ट मंडळ्यांत आजही नव्या वर्षाच्या सुरुवातीला ती होते.

वाशीममध्ये या शिकवणीला विटा-चुन्याचे रूप मिळाले. अमेरिकन डॉक्टर ऑर्फा स्पायकर 1936 मध्ये मिशनच्या कामासाठी भारतात आल्या. 1938 मध्ये वाशीमला मिशनच्या एका जुन्या शाळेच्या इमारतीत दवाखाना सुरू झाला. पंथाच्या परदेशातील कार्याचा पाया घालणारे हायरम रेनल्ड्स यांच्या स्मरणार्थ त्याला रेनल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल हे नाव मिळाले. स्पायकरबाईंनी रोगी तपासले, शस्त्रक्रिया केल्या आणि इमारती वाढवायची वेळ आली तेव्हा बांधकामाचीही जबाबदारी अंगावर घेतली. पुढे येथे परिचारिकांचे शिक्षणही सुरू झाले. बाई जवळपास चार दशके या कामात राहिल्या. देवाने बोलावले असे म्हणणारा माणूस पुढे काय करतो, हे पाहायचे तर असे आयुष्य पाहावे. त्यातला मोठा भाग नेमून दिलेले काम रोज उठून करण्याचा असतो. दृष्टान्त आणि चमत्कार यांचा वाटा फार थोडा.

मग देवाची इच्छा ओळखायची कशी? मंडळीतले जाणते लोक एकाच खुणेवर भिस्त ठेवत नाहीत. मनात आलेली गोष्ट पवित्र शास्त्राशी जुळते का, हे आधी पाहिले जाते. ती प्रार्थनेत ठेवली जाते, कधी उपासही केला जातो. पाळक आणि अनुभवी विश्वासणारे यांचा सल्ला घेतला जातो, परिस्थिती पाहिली जाते. बंद झालेली वाटही काही सांगत असते. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात प्रेषित पौलाला बिथुनियात जाऊ दिले गेले नाही. त्यानंतर त्रोवसला त्याला मासेदोनियातल्या माणसाचा दृष्टान्त झाला आणि तो तिकडे निघाला. त्याचे थांबणे आणि निघणे, दोन्ही आज्ञापालनच होते.

ही पारख फार गरजेची आहे, कारण देवाच्या नावाने माणसे आपलीच इच्छा दुसऱ्यावर लादू शकतात. मुलीचे लग्न, मालमत्तेची वाटणी, मंडळीतले पद अशा प्रसंगी ‘प्रभूने मला सांगितले’ हे वाक्य वाद मिटवायला नव्हे, समोरच्याचे तोंड बंद करायला वापरले गेले, तर ते समर्पणाच्या अगदी उलट आहे. आजारपणात औषध सोडून देणे हाही विश्वासाचा पुरावा नाही. वाशीमच्या मिशनने तर प्रार्थनेसोबत दवाखाना उभारला.

कधी देवाचे बोलावणे खुद्द मिशनच्या चाकोरीबाहेरही नेते. याचे वाशीमबाहेरचे उदाहरण कवी नारायण वामन टिळकांचे. त्यांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. 1917 मध्ये, ज्या मिशनमध्ये ते काम करत होते, तिथली पगारी नोकरी त्यांनी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य तेथे एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना होती. उतारवयात बांधलेले उत्पन्न सोडणे सोपे नव्हते, आणि त्याची झळ घरालाही बसणारच होती.

समर्पण ज्याचे त्यानेच करायचे असते. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई 1895 मध्ये त्यांच्यासोबत ख्रिस्ती झाल्या नाहीत. ताटातूट, नातलगांचे दडपण आणि सोवळ्याचे कडक संस्कार यांतून त्यांची वाट गेली. त्यांच्या मनातला जातिभेद आधी गळून पडला, मग त्यांनी 1900 मध्ये स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. ही सारी हकिकत ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी स्वतःच सांगितली आहे.