फिरत्या घरातून तीन खडकांच्या मुलखात

झोपायला बाक, स्वयंपाकाला शेगडी आणि पाण्याची टाकी अशी सर्व सोय ज्या मोटारीत असते तिला कॅरॅव्हॅन म्हणतात. आपल्या महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा पर्यटनासाठी खास धोरण जाहीर केले. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे अशी गाडी नसेल तर एखादी जीप आणि दोन तंबू यांवरही काम भागते. भिंग मात्र विसरू नका. सोलापुरातून दक्षिणेकडे निघालात, तर दोन-तीन मुक्कामांत पूर्णपणे वेगळे असे तीन खडक पाहायला मिळतात, आणि खडक बदलला की गावाचे रूपही बदलते.

पहिला खडक तुमच्या पायाखालीच आहे. सोलापूरच्या भुईकोटाची तटबंदी पाहा, किंवा सुमारे १०० किलोमीटरवरचा विजापूरचा गोलघुमट पाहा. दगड तोच, काळपट बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठावर पसरलेला लाव्हा उघड्यावर लवकर निवाला. स्फटिकांना वाढायला वेळच मिळाला नाही, म्हणून भिंगातूनही त्याचे कण नीट सुटे दिसत नाहीत. लाव्हाचे थरावर थर आडवे पसरले, त्यामुळे हा मुलूखही सपाट.

विजापूर मागे टाकून कृष्णेच्या खोऱ्यात उतरलो, की हे काळे पांघरूण संपत जाते आणि त्याखालचे कितीतरी जुने खडक उघडे पडतात. बदामीला पोहोचताच समोर तांबडे कडे उभे राहतात. हा वालुकाश्म. भिंग धरा, वाळूचे कण मोजता येतील! लोहाच्या ऑक्साइडाने त्यांना लाली दिली आहे. कड्यावर काही ठिकाणी मुख्य थरांच्या आत तिरप्या रेघा दिसतात. वाहत्या पाण्याने वाळू उतरणीवर ढकलत नेली, त्याची ही खूण. पाणी कोणत्या दिशेने वाहत होते, हेही त्या उतारावरून सांगता येते.

दोन टेकड्यांच्या कवेत तलाव, आणि तलावाकाठी गाव, अशी ही चालुक्यांची राजधानी. पहिल्या पुलकेशीने इ. स. ५४३ मध्ये येथे किल्ला बांधला. तिसऱ्या लेण्यातील शिलालेख इ. स. ५७८ चा आहे. छिन्नीला वश होणारा आणि तरीही छत तोलून धरणारा दगड चालुक्यांना येथे आयता मिळाला. भूवैज्ञानिकांनी या थराला ‘केव्ह टेंपल ॲरेनाइट’, म्हणजे लेणी-मंदिरांचा वालुकाश्म, असे नाव दिले आहे. खडकाला लेण्यांचे नाव मिळावे, याची मला मोठी मौज वाटते.

हा वालुकाश्म उभ्या भेगांवर फुटतो. भेगेत पाणी व मुळे शिरतात, तळ झिजतो आणि कड्याची एक फळीच सुटते. कड्याच्या पायथ्याशी घराएवढे दगड पडलेले दिसतील. ते वरूनच आलेले आहेत. सावली कितीही गार असली तरी तेथे मुक्काम करायचा नाही. पावसाळ्यात तर नाहीच. अक्का-तंगी, म्हणजे थोरली व धाकटी बहीण, हे जोडधबधबे त्या दिवसांत कड्यावरूनच कोसळतात.

तेथून सुमारे दीडशे किलोमीटरवर हंपी. इ. स. १३३६ मध्ये स्थापन झालेल्या विजयनगरची ही राजधानी. १५६५ च्या पराभवानंतर ती उद्ध्वस्त झाली. गोल धोंड्यांच्या राशीच राशी पाहून वाटते, हे कोणी रचले? ही रामायणातील किष्किंधा, असे तेथील लोक मानतात. भूविज्ञानाचे उत्तरही कमी चमत्कारिक नाही. धोंडे कोणी आणून रचलेले नाहीत, ते मागे उरलेले आहेत.

हा सुमारे २५० कोटी वर्षांचा ग्रॅनाइट जमिनीत खोलवर सावकाश निवाला, म्हणून त्याचे स्फटिक नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या आणि चौकोनी ठोकळे झाले. भेगांतून झिरपणाऱ्या पाण्याने ठोकळे कुजवायला सुरुवात केली. आता २७ लहान घनांचा एक मोठा घन डोळ्यांसमोर आणा. कोपऱ्याच्या ८ घनांच्या तीन बाजू उघड्या, कडेच्या १२ घनांच्या दोन, पृष्ठाच्या मध्यावरील ६ घनांची एकच आणि आतल्या घनाची एकही नाही. साहजिकच कोपरे आधी झिजतात आणि ठोकळा गोल होतो. साबणाची चौकोनी वडी वापरून वापरून गोल होते, ती याच कारणाने. पुढे भोवतालची भुसभुशीत माती पावसाने वाहून नेली आणि धोंडे एकमेकांवर टेकून राहिले.

उन्हाचाही यात हातभार आहे, पण तो थोडा. ग्रॅनाइट दर अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे ०.००८ मिलिमीटर प्रसरण पावतो. १० मीटरच्या धोंड्याचे पृष्ठ ३० अंशांनी तापले तर वाढ किती? २.४ मिलिमीटर. आतला भाग मात्र थंडच असतो. या ओढाताणीने वरचे पापुद्रे सुटायला मदत होते.

येथील पाथरवटांनी खडकाचा हाच स्वभाव ओळखला होता. धोंड्यांवर ओळीने खोदलेल्या चौकोनी खाचा दिसतील. त्यांत पाचरी बसवून ते सरळ रेषेत दगड फोडत.

रात्री गाडी धोंड्यांपासून दूर, सपाट जागी लावा. ताटलीत थोडे पाणी घेतले की सपाटी कळते. जेवण झाल्यावर तापमापी घेऊन बाहेर पडा. तिचा फुगा धोंड्याला टेकवून वरून कापसाने झाका आणि रात्री नऊ, बारा व पहाटे पाच वाजता वाचन घ्या. शेजारी हवेचे तापमानही नोंदवा. परत आल्यावर सोलापूरच्या एखाद्या काळ्या शिळेवर हेच करा आणि दोन्ही आलेख एकाच कागदावर काढून पाहा.