कॉम्प्युटर चालूच होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी हे करून बघा

घरातला पीसी अचानक बंद पडला आणि पुन्हा चालूच होईना, की एक सल्ला हमखास मिळतो: "फॉरमॅट मारून टाक." पण त्यात कॉलेजचा प्रोजेक्ट असतो, ताईच्या लग्नाचे फोटो असतात, बाबांचा हिशोब असतो. एक गोष्ट आधी लक्षात घ्या. कॉम्प्युटर चालू होत नाही म्हणजे डेटा गेला, असं नाही.

१९ जुलै २०२४ चा दिवस आठवतोय? क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरात विंडोजचे कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख! आपल्याकडे काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन ती सदोष फाइल डिलीट करायची. लोकांच्या फाइल्स जागच्या जागी होत्या.

म्हणून मी आधी एकच बघतो: गाडी कुठल्या स्टेशनवर थांबतेय?

१. लाइट नाही, पंखाही नाही

प्रश्न विजेचा आहे. त्याच सॉकेटला मोबाइल चार्जर लावून बघा. पॉवर केबल घट्ट बसवा. कॅबिनेटच्या मागचा छोटा स्विच चालू आहे का तेही बघा. तरीही काही नाही, तर एसएमपीएस गेला असू शकतो. त्याचा डबा मात्र घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही आत करंट साठलेला असतो.

२. पंखा फिरतो, स्क्रीन काळी

आधी मॉनिटरची केबल तपासा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्यालाच लावलेली हवी. मग रॅमकडे वळा. माझ्या मामेभावाच्या पीसीचं हेच झालं होतं. दुकानदार मदरबोर्ड बदला म्हणत होता. आम्ही प्लग काढला, पॉवर बटण काही सेकंद दाबून ठेवलं, रॅम काढून तिचे सोनेरी पॉइंट साध्या खोडरबरने हलक्या हाताने पुसले आणि 'टक' आवाज येईपर्यंत परत बसवली. पीसी चालू झाला. खर्च शून्य!

३. कंपनीचा लोगो येतो, मग 'नो बूटेबल डिव्हाइस'

मागे एखादा पेन ड्राइव्ह लावलेला राहिलाय का? असेल तर काढा. नाहीतर चालू करतानाच एफ२ किंवा डिलीट बटण दाबत राहा, बायॉस उघडेल. तिथे तुमची हार्ड डिस्क किंवा एसएसडी दिसते का? दिसत असेल तर बूट ऑर्डरमध्ये ती वर आणा. दिसत नसेल तर तिची केबल सैल झालेली असू शकते. तारीख-वेळ दरवेळी चुकत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला.

हार्ड डिस्कमधून 'टिक टिक' असा आवाज येत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करू नका. डेटा महत्त्वाचा असेल तर थेट रिकव्हरीवाल्याकडे न्या.

४. विंडोज सुरू होता होता अडकतं

लोडिंगचं वर्तुळ दिसलं की पॉवर बटण दाबून ठेवून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की रिकव्हरीचा मेन्यू येतो. ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. तिथे आधी स्टार्टअप रिपेअर, मग अनइन्स्टॉल अपडेट्स, मग सिस्टीम रिस्टोअर, याच क्रमाने जा. सेफ मोडही स्टार्टअप सेटिंग्जमधून इथेच मिळतो. मध्येच ४८ आकडी बिटलॉकर की मागितली तर घाबरू नका. मोबाइलवरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये बघा, बऱ्याचदा ती तिथेच सेव्ह झालेली असते.

निळ्या स्क्रीनचा मोबाइलने फोटो काढून ठेवा. खाली लिहिलेला 'स्टॉप कोड' सर्च केला की बिघाडाचा माग लागतो.

फॉरमॅट करावाच लागला तर?

आधी डेटा बाहेर काढा. मित्राच्या लॅपटॉपवर ८ जीबी किंवा मोठ्या पेन ड्राइव्हमध्ये उबुंटू टाकून घ्या. त्यावरून पीसी चालू केला की इन्स्टॉल न करता 'ट्राय'चा पर्याय निवडा. तुमच्या फाइल्स दिसतील, त्या दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. बिटलॉकर असेल तर इथेही तीच की लागेल.

हे जमत नसेल तर दुकानात देताना पावतीवरच लिहून घ्या: "डेटा हवा आहे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये." आणि पीसी परत आला की त्याच आठवड्यात फोटो आणि प्रोजेक्टची एक कॉपी बाहेरच्या डिस्कवर ठेवा. पुढच्या वेळी पीसी बंद पडला तरी झोप उडणार नाही.